सोडून जायला किती पडतात?

२०२१ या एका वर्षात गूगलने २६.३ अब्ज डॉलर एवढ्याचसाठी मोजले, की लोकांनी फोन किंवा ब्राउझर उघडल्यावर शोधाच्या चौकटीत आधीपासून आपणच बसलेलो असावं. यातला सर्वांत मोठा वाटा अ‍ॅपलचा. २०२२ मध्ये तो सुमारे २० अब्ज डॉलर होता. सफारी या अ‍ॅपलच्या ब्राउझरमधून होणाऱ्या शोध-जाहिरातींच्या कमाईपैकी ३६ टक्के अ‍ॅपलला जातात, हेही हे आकडे उघड करणाऱ्या खटल्यातच एका साक्षीदाराच्या तोंडून बाहेर पडलं. खटला अमेरिकेच्या न्याय विभागाचा होता आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने बेकायदा मार्गाने मक्तेदारी टिकवल्याचा निकाल दिला.

वास्तविक हे सेटिंग बदलायला अर्धं मिनिट पुरतं. सेटिंग्जमध्ये जायचं, सफारी शोधायचं, ‘सर्च इंजिन’वर दाबायचं, यादीतलं दुसरं नाव निवडायचं. कोणी अडवत नाही, पैसे पडत नाहीत. तरीही या अर्ध्या मिनिटाची किंमत अब्जांत जाते, कारण बहुतेक माणसं त्या पडद्यापर्यंत जातच नाहीत आणि देणारा-घेणारा दोघेही हे ओळखून आहेत.

मोठ्या इंटरनेट कंपन्यांवरचा वाद बहुतेक वेळा दोनच मुद्द्यांभोवती फिरतो: त्या किती अवाढव्य झाल्या आणि आपली किती माहिती गोळा करतात. दोन्ही मुद्दे रास्त आहेत, पण धोरण आखायला बसलं की दोन्ही हातातून निसटतात. किती मोठं म्हणजे फार मोठं? किती माहिती म्हणजे जास्त माहिती? त्यापेक्षा मोजता येईल असा एक प्रश्न आहे: यांना सोडून जायला किती पडतात? पैसे किती, दिवस किती, कोणती माणसं तुटतात, काय मागे राहतं. सहज सोडता येणारी कंपनी कितीही मोठी असली तरी ग्राहकाला वचकून राहते. सोडता न येणारी कंपनी लहान असली तरी ग्राहकाला वेठीला धरू शकते. गेल्या पंचवीसेक वर्षांत या कंपन्यांनी अर्थव्यवहारात केलेला सर्वांत खोल बदल हाच आहे, की सोडून जाण्याची किंमत ठरवणं त्यांनी आपल्या हाती घेतलं. स्पर्धा कायदा मात्र विक्रीच्या किमतीकडे बघत राहिला. किंमत शून्य, मग तक्रार कशाची?

जिथे आकडे उघड आहेत तिथला हिशेब मांडून पाहू. समजा एका मध्यम कंपनीचा १०० टेराबाइट डेटा अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या साठवणुकीत आहे. अमेरिकेतल्या छापील दराने भाडं गिगाबाइटला महिना सव्वादोन सेंटच्या आसपास, म्हणजे एकूण साधारण २,३०० डॉलर महिना. डेटा आत आणायला शुल्क नाही. बाहेर न्यायचा तर पहिल्या १० टेराबाइटला गिगाबाइटमागे ९ सेंट, पुढच्या ४० टेराबाइटला साडेआठ, त्यापुढे सात. बेरीज जाते ८,००० डॉलरच्या घरात. म्हणजे साडेतीन महिन्यांचं भाडं नुसतं दाराबाहेर पडायला. वेळेचं सांगायचं तर सेकंदाला एक गिगाबिटची लाइन पूर्ण क्षमतेने अहोरात्र चालली तरी नऊ-दहा दिवस जातात, आणि कुठलीही लाइन तशी चालत नाही. तेवढ्या दिवसांत जुन्या जागी नवा डेटा येतच असतो. म्हणून एक तर दोन्हीकडे एकाच वेळी लिहिणारी व्यवस्था उभारावी लागते, नाहीतर शेवटच्या रात्री सगळं बंद ठेवून उरलेला फरक उतरवून घ्यावा लागतो. गडबड होते ती नेमकी इथे. दोन्हीकडे लिहिताना एका बाजूचं लिखाण फसतं, कोणाच्या लक्षात येत नाही आणि महिन्याभराने हिशेब जुळेनासा होतो.

२०२४ च्या सुरुवातीला गूगलने, पाठोपाठ अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने, कायमचं निघून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ केलं. अर्थात आधी कळवायचं आणि ठरलेल्या अटी पाळायच्या. दानत अचानक वाढली असं नाही. युरोपीय संघाचा डेटा कायदा दारात उभा होता. तो १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि १२ जानेवारी २०२७ पासून पुरवठादार बदलण्याचं शुल्क तो पूर्ण बंद करतो. कायदा चांगला आहे. पण कंपन्यांना ही माफी परवडली याचं कारण खरं कुलूप दुसरीकडे आहे.

पोस्टग्रेस हा कोणालाही चालवता येणारा खुला डेटाबेस उचलून दुसरीकडे ठेवणं कष्टाचं असलं तरी वाट मळलेली आहे: डम्प (सगळ्या माहितीची प्रत) काढा, चढवा, पत्ता बदला. डायनॅमोडीबी या अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या डेटाबेस सेवेचं तसं नाही. तिथे कोणती माहिती कशी शोधायची हे तक्त्याच्या किल्ल्या ठरवतानाच पक्कं होतं आणि सगळा प्रोग्रॅम त्याभोवती लिहिला जातो. ती सोडायची म्हणजे प्रोग्रॅमची पुनर्रचना. फाइल येऊन पडली की आपोआप चालणारं फंक्शन, त्यातून रांगेत जाणारा संदेश, हे सगळं एकाच घरच्या साच्यातलं असतं. आणि सर्वांत चिवट भाग म्हणजे परवानग्या. कोणत्या प्रोग्रॅमला कुठे शिरता येईल याचे शेकडो नियम वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले असतात. ते दुसऱ्या क्लाउडच्या भाषेत जसेच्या तसे उतरत नाहीत, आणि उतरवताना एक नियम सैल राहिला तर दार उघडं. यातल्या कशालाच शुल्क म्हणता येत नाही, त्यामुळे शुल्क बंद करून ते सुटत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. हे कुलूप कित्येकदा समजून-उमजून घेण्यासारखं असतं. अशी तयार सेवा घेतली की डेटाबेस रात्री-अपरात्री सांभाळणारी माणसं ठेवावी लागत नाहीत आणि छोट्या कंपनीला तोच फरक तारून नेतो. प्रश्न एवढाच, की सौदा करताना दुसऱ्या बाजूचा आकडा कोणी पुढ्यात ठेवत नाही.

सगळेच एका छताखाली आले की काय होतं, ते २० ऑक्टोबर २०२५ ला दिसलं. अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रांत डायनॅमोडीबीचे पत्ते डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीत, आपोआप अद्ययावत करणारी व्यवस्था होती. आधी योजना तयार व्हायची, मग एकमेकांपासून स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम ती लागू करायचे. त्यातला एक रेंगाळला आणि त्याने जुनी योजना नव्या योजनेवर चढवली. त्याच सुमारास दुसऱ्याने साफसफाई करताना ‘ही तर फार जुनी’ म्हणून ती योजनाच पुसली. उरली एक रिकामी नोंद. नाव आहे, पत्ता नाही. व्यवस्थेला ते आपलं आपण दुरुस्त करता येईना, माणसांना हात घालावा लागला. तोवर त्या सेवेवर उभ्या असलेल्या इतर सेवा एकामागून एक आडव्या झाल्या. सिग्नल हे संदेशांचं अ‍ॅपही अडखळलं, जे ना-नफा संस्थेचं आहे आणि कोणत्याही मोठ्या कंपनीच्या मालकीचं नाही. स्वतंत्र राहण्यासाठी निवडलेलं अ‍ॅपही शेवटी त्यांच्याच जमिनीवर उभं असतं.

आता उलट उदाहरण, ईमेलचं. ईमेल पोहोचवण्याचा नियम, एसएमटीपी, १९८२ चा. तो कोणाच्या मालकीचा नाही. पत्ता स्वतःच्या डोमेनवर असेल तर सेवा बदलणं एका दुपारचं काम आहे. आदल्या दिवशी डीएनएसमध्ये एमएक्स नोंदीचा (पत्रं कोणत्या सर्व्हरकडे जायची हे सांगणारी नोंद) टीटीएल, म्हणजे इतरांनी जुनी नोंद धरून ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणायचा, म्हणजे बदल लवकर पसरतो. नव्या ठिकाणी खाती उघडायची. एमएक्स नोंद नव्या सर्व्हरकडे वळवायची. जुनी पत्रं आयमॅप या सर्व्हरवरची पत्रं वाचण्याच्या खुल्या नियमाने नकलून घ्यायची. जुनं खातं आठवडाभर चालू ठेवून वाट चुकलेली पत्रं पाहायची. पत्ता तोच राहतो आणि पलीकडच्या कोणाला काही कळतही नाही. पण पत्ता जीमेलच्या नावावर असेल, तर पत्रं काढून घेता येतात, पत्ता नाही. बँकेपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना नवा पत्ता कळवत बसावं लागतं. तंत्रज्ञान दोन्हीकडे एकच आहे. निघण्याचा खर्च मात्र शंभरपट वेगळा, कारण नाव कोणाच्या मालकीचं हा एकच मुद्दा बदलला.

या खुल्या रानातही आता कुंपणं आली आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना नियम घातले. जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर पत्रं पाठवणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी हव्यात, जाहिरातींच्या पत्रात एका टिचकीत नाव काढण्याची सोय हवी, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. नियम म्हणून यात एकही वावगा नाही. उलट दहा वर्षं आधी यायला हवे होते. बोचतं ते असं, की जगभरच्या टपालाचा कायदा दोन कंपन्यांनी बसून ठरवला आणि एखाद्याची पत्रं विनाकारण स्पॅममध्ये जाऊ लागली तर दाद मागायला स्वतंत्र खिडकी नाही. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. नोंदी चोख, आयपीची (सर्व्हरच्या क्रमांकाची) उलट नोंद बरोबर, तरी शेजारच्या आयपीवरून कोणी घाण पसरवली म्हणून याची पत्रं अडकतात.

सुरक्षेचं कारण पुढे करून दार अडवणं नवं नाही. अमेरिकेत एके काळी टेलिफोनच्या तारेला एटी अँड टीने दिलेल्या यंत्राशिवाय काहीही जोडायला बंदी होती. बाहेरचं यंत्र जोडलं तर जाळं बिघडेल, असं कंपनीचं म्हणणं. टेक्सासच्या टॉम कार्टर यांनी तेलविहिरींवरच्या लोकांसाठी रेडिओ आणि टेलिफोन एकमेकांना जोडणारं कार्टरफोन बनवलं आणि १९६८ मध्ये एफसीसी या नियामकाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. पुढचा भाग जास्त बोधक आहे. कंपनीने निकाल मानला आणि म्हणाली, जोडा बाहेरचं यंत्र, पण मध्ये आमची संरक्षक पेटी बसवा आणि तिचं दरमहा भाडं द्या. निकाल कागदावर राहिला. दार खरं उघडलं ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा एफसीसीने स्वतः तांत्रिक निकष लिहिले, कोणतंही यंत्र त्या निकषांवर नोंदवायची सोय केली आणि प्रमाणित प्लग ठरवून दिला. उत्तर देणारी यंत्रं, फॅक्स, स्वस्त मोडेम बाजारात फोफावले ते यानंतर. घराघरात इंटरनेट पोहोचलं ते याच मोडेमच्या वाटेने.

अ‍ॅपलची गोष्ट याच वळणाने गेली. एपिक या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की अ‍ॅप बनवणाऱ्यांना ग्राहकाला बाहेरच्या खरेदीची वाट दाखवू द्या. जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅपलने वाट दिली आणि त्या वाटेवर २७ टक्के कमिशन ठेवलं. आतलं कमिशन ३० टक्के. बाहेर पैसे स्वीकारायला कार्डवाल्यांना तीनेक टक्के जातातच, म्हणजे बचत शून्य. वर पडदाभर इशारा: तुम्ही अ‍ॅपलच्या बाहेर चालला आहात. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायाधीश इव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी हा आदेशाचा जाणूनबुजून केलेला भंग असल्याचं नोंदवलं. भाड्याची पेटी पन्नास वर्षांनी टक्केवारीच्या रूपात परत आली होती.

आणि हे केवळ लहानांना सोसावं लागतं असंही नाही. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर एक छोटी चौकट येऊ लागली: हे अ‍ॅप तुमचा इतरत्र माग काढू पाहतंय, परवानगी द्यायची का? बहुतेकांनी नकार दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीने सांगितलं, की त्या वर्षी यामुळे आपल्या कमाईला सुमारे १० अब्ज डॉलरची कात्री लागेल. ग्राहकाच्या दृष्टीने चौकट चांगलीच होती, मेटाबद्दल कोणी अश्रू ढाळावेत असं काही नाही. पण १० अब्जांची उलथापालथ करणारा नियम एका कंपनीच्या बैठकीत ठरतो आणि तो चांगला निघाला तर आपलं नशीब, अशी ही व्यवस्था आहे.

घरातल्या यंत्रांचं थोडक्यात. गूगलच्या नेस्टने २०१४ मध्ये रिव्हॉल्व्ह ही कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. घरातले दिवे, कुलपं अशी यंत्रं एकत्र चालवणारं तिचं ३०० डॉलरचं हब त्या दिवशी निकामी झालं. आतला एकही भाग बिघडलेला नव्हता. मार्च २०२५ मध्ये फोनवरचं टीव्हीवर दाखवणारे गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकदम अडले. दहा वर्षांच्या मुदतीचं एक मधलं प्रमाणपत्र संपलं होतं, त्यामुळे फोनच्या लेखी ते यंत्र अविश्वासू ठरलं. गूगलने काही दिवसांत सुधारणा पाठवली. पण काही जणांनी तोवर यंत्र मूळ स्थितीवर आणून ठेवलं होतं आणि त्यांची दुरुस्ती आणखी लांबली. असं यंत्र घेताना दुकानातच विचारण्याचा प्रश्न एक: इंटरनेट तोडलं तर घरातल्या वाय-फायवर हे चालतं का? नाही म्हणाले, तर ते विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं.

मग करायचं काय? दंडाने काम भागत नाही, हे आता मान्य व्हायला हरकत नाही. युरोपीय आयोगाने २०१७ ते २०१९ मध्ये गूगलला तीन दंड ठोठावले: २.४२, ४.३४ आणि १.४९ अब्ज युरो. तिसरा पुढे न्यायालयात रद्द झाला, दुसरा थोडा कमी झाला. तिन्ही जसेच्या तसे वसूल झाले असते तरी बेरीज सव्वाआठ अब्ज. चौकटीतल्या जागेसाठी गूगल एका वर्षात मोजत होतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. अशा कंपनीला दंड म्हणजे जागेच्या भाड्यातली किरकोळ वाढ. कंपन्या तोडण्याची मागणी ऐकायला दमदार वाटते, पण २ सप्टेंबर २०२५ च्या आदेशात न्यायाधीश मेहतांनी क्रोम विकायला लावलं नाही आणि जागेसाठी पैसे देण्यावरही बंदी घातली नाही. केवळ एकाधिकाराचे करार बंद केले आणि शोधाचा काही डेटा स्पर्धकांना द्यायला सांगितलं.

जास्त आशा युरोपच्या डिजिटल मार्केट्स कायद्याच्या सातव्या कलमातून आहे. व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजरने दुसऱ्या अ‍ॅपने मागणी केल्यास त्याच्याशी संदेशांची देवाणघेवाण केली पाहिजे: आधी दोघांतले संदेश आणि फोटो, दोन वर्षांत गट, चार वर्षांत कॉल. कठीण काम आहे, खोटं बोलण्यात अर्थ नाही. दोन्ही टोकांचं कूटलेखन जुळवायचं, गटात माणूस आला-गेला की किल्ल्या बदलायच्या, समोरच्या अ‍ॅपने ओळख नीट तपासली आहे याची खातरजमा करायची. शिवाय ही सोय वापरकर्त्याने स्वतः चालू करायची आहे. म्हणजे पुन्हा ते न उघडलं जाणारं सेटिंग. एफसीसीने जे केलं तेच इथे राहून गेलं आहे: जोडणीचे निकष मक्तेदारानेच लिहायचे आणि नियामकाने तपासायचे, असा हा क्रम आहे. तो उलटा हवा.

आणि निकषांच्या जोडीला मोजमाप हवं. नियामकाने दरवर्षी प्रत्येक मोठ्या सेवेवर निघण्याची चाचणी घ्यावी. सामान्य ग्राहकासारखी खाती उघडायची, त्यांत ठरलेला माल भरायचा. अल्बममध्ये लावलेले दहा हजार फोटो, काही वर्षांचं संभाषण, विकत घेतलेली अ‍ॅप, दुकान असेल तर ग्राहकांचे अभिप्राय. मग खातं दुसरीकडे न्यायचं आणि लिहून ठेवायचं: तास किती, पैसे किती, काय हरवलं, काय विस्कटलं. ‘डाउनलोड करा’ असं बटण आहे, एवढ्यावर कोणाला गुण देऊ नयेत. युरोपात डेटा घेऊन जाण्याचा हक्क मे २०१८ पासून आहे आणि गूगल टेकआउटसारखी सोय त्याच्याही आधीपासून. पण टेकआउटमधून काढलेल्या फोटोंना तुम्ही नंतर दिलेली तारीख आणि ठिकाण फोटोत न येता शेजारच्या जेसन फाइलमध्ये येतं. दुसरी सेवा ती फाइल वाचत नसेल, तर आजोबांचे स्कॅन केलेले फोटो स्कॅन केलेल्या दिवशीचे होऊन बसतात. डेटा तर सगळा मिळाला, कागदोपत्री हक्क पूर्ण.

अशा चाचणीत लबाडी होणारच. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या धुराची तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ चालत, हे २०१५ मध्ये उघडकीला आलं. इथे तर तपासणारा कोण हे ओळखणं त्याहून सोपं, कारण समोरच्याकडे ओळखण्याचीच यंत्रणा आहे. म्हणून खाती वर्षभर खऱ्या माणसांनी वापरलेली हवीत, वेगवेगळ्या देशांतली हवीत आणि कोणती होती हे निकालानंतरच सांगायला हवं. निकाल अहवालात पुरून ठेवू नये. नवं खातं उघडताना ‘मान्य आहे’ हे बटण जिथे असतं, त्याच्या वर, त्याच आकाराच्या अक्षरांत तो छापणं बंधनकारक करावं: मागच्या चाचणीत इथून बाहेर पडायला इतके तास लागले, इतके पैसे गेले, आणि हे हे मागे राहिलं.